तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी डिश कशाला?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण गच्चीकडे बघून हे विचारतो. दोन फुटी डिशवर शेकडो चॅनेल दिसतात, मग हे आठ फुटी धूड कशासाठी? आणि ज्याला यात थोडाफार रस असतो तो लगेच पुढचं विचारतो, आम्हालाही बसवायची आहे, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ऐकून लोक जरा थबकतात, कारण मी त्यांना डिशबद्दल नाही, खांबाबद्दल सांगायला लागतो. ते तसं का, हे नीट लिहून ठेवतो.

आपले टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. या उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात पुरी होते, म्हणून तो आकाशात एकाच जागी उभा असल्यासारखा दिसतो. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ सालीच एका लेखात दाखवून दिलं होतं की असे तीन उपग्रह जवळपास सगळ्या जगाला पुरतील. आता एवढ्या लांबून येणारा सिग्नल केवढा असेल? सी बँडवर, म्हणजे मोठ्या डिश ज्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालतात तिथे, एका ट्रान्सपॉन्डरची (उपग्रहातल्या एका प्रक्षेपकाची) ताकद काही डझन वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तीही एका शहरावर नव्हे, अख्ख्या खंडावर पसरलेली. आपल्या वाट्याला येतं ते इतकं क्षीण असतं की ते जमेल तेवढ्या मोठ्या जागेवरून गोळा करून एका बिंदूवर आणण्यावाचून गत्यंतर नाही. डिश करते ते एवढंच. २.४ मीटरची डिश ६० सेंटिमीटरच्या डिशपेक्षा चौपट रुंद असते, पण गोळा करते सोळापट.

छोट्या डिश चालतात त्या केयू बँडवर, म्हणजे सी बँडहून आखूड लहरींच्या पट्ट्यावर. तिथे उपग्रह आपली ताकद एखाद्या देशापुरती एकवटून पाठवतो, म्हणून थोडक्यात भागतं.

पण मोठ्या डिशचं एवढंच काम नाही. दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डिश जितकी मोठी, तितकी तिची नजर अरुंद. सी बँडची तरंगलांबी साधारण साडेसात सेंटिमीटर. या लहरींवर ६० सेंटिमीटरची डिश आकाशाचा जवळपास ९ अंशांचा पट्टा एकदम बघते, आणि उपग्रह तर एकमेकांपासून दोन-तीन अंशांवर उभे असतात. म्हणजे तिच्यात तीन-चार उपग्रहांचा गलका एकत्र शिरणार. २.४ मीटरची डिश जेमतेम २.२ अंशांचा तुकडा बघते. शेजारच्यांना बाजूला सारून तिला हवा तोच उपग्रह ती ऐकते. दूरचे, अंधुक चॅनेल मिळतात ते या गुणामुळे, नुसत्या आकारामुळे नाही.

आणि इथेच खांब येतो. नजर २.२ अंशांची, म्हणजे मध्यापासून १.१ अंश ढळली की निम्मा सिग्नल गेला. दोन मीटर उंचीच्या खांबाचं टोक चार सेंटिमीटर कललं तर एवढा फरक पडतो. त्याच डिशवर केयू बँड बघायचा असेल तर नजर तिपटीने अरुंद होते आणि सव्वा सेंटिमीटरही पुष्कळ झालं. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, चित्र तरी दिसायचं. डिजिटलमध्ये चित्र एक तर स्वच्छ असतं नाही तर नसतंच. मध्ये काही असलंच तर तुटलेले चौकोन.

त्यातून ही डिश म्हणजे वाऱ्यात धरलेलं शीड. २.४ मीटरच्या भरीव पत्र्याच्या डिशचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटर होतं. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर तिच्यावर अडीचशे किलोच्या वर जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. हा सगळा भार शेवटी खांबाच्या बुडाशी उतरतो. म्हणून मी म्हणतो, डिश जुनी मिळाली तरी घ्या, थोडी चेपलेली असेल तर दुरुस्त करता येईल, पण खांबात काटकसर करू नका. जाड भिंतीचा पोलादी पाइप घ्या आणि डिशच्या माउंटच्या आतल्या मापाशी तो घट्ट बसेल असा बघूनच घ्या. सैल बसला तर पाचर मारून तात्पुरतं भागतं, पण पहिल्या वादळानंतर सगळं पुन्हा करावं लागतं. जमिनीत पुरायचा असेल तर पाइपच्या खालच्या टोकाला आडव्या सळया वेल्ड करून घ्या, नाहीतर काँक्रीटमध्ये तो हळूहळू गोल फिरतो. काँक्रीट ओतल्यावर लगेच ओळंबा लावून खांब सरळ करा, आणि एकाच बाजूने बघून समाधान मानू नका. पहिल्या बाजूला काटकोनात जाऊन पुन्हा बघा. मग धिरे देऊन काँक्रीट पुरतं आवळू द्या. डिश चढवायची घाई इथे सगळ्यात जास्त होते, कारण डिश समोर पडलेली असते आणि खांब उभा दिसत असतो.

गच्चीवर बसवत असाल तर स्लॅबला भोकं पाडण्याआधी खाली तुळई कुठे आहे ते बघा. वॉटरप्रूफिंग फोडायचं नसेल तर रुंद लोखंडी चौकट करून तिच्यावर वजन ठेवायचा मार्ग आहे. वजन मात्र अंदाजाने ठेवू नका. इमारतीचा भार समजणाऱ्या माणसाला विचारून ठेवा.

जागा कुठली निवडायची? जिथून विषुववृत्ताकडचं आकाश मोकळं दिसतं ती. हे ठरवायला होकायंत्र चालतं, पण ते चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी नाही, आणि लोखंडी खांबाजवळ धरलं तर काटा खांबाकडेच ओढला जातो. जरा लांब उभं राहून बघा. मला याहून भरवशाचा वाटतो तो सूर्य. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही दिवस, दिवसातून काही मिनिटं, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो आणि चालू असलेल्या डिशवरचे चॅनेल जातात. लोक वैतागतात, पण नव्याने डिश लावणाऱ्याला ही आयतीच खूण मिळते. त्या मिनिटांत सूर्य ज्या दिशेला आहे तीच उपग्रहाची दिशा. त्या वेळी तुमच्या जागेवर झाडाची किंवा भिंतीची सावली पडली असेल तर जागा बदला. झाड आज आड येत नसलं तरी ते वाढतं, हेही धरून चाला.

डिश जोडताना पाकळ्यांचे, म्हणजे वाटीच्या सुट्या तुकड्यांचे, बोल्ट आधी सगळे हाताने लावून घ्या आणि मगच पान्याने आवळा. एक पाकळी पूर्ण आवळून दुसरीकडे वळलात की वाटी वाकडी होते. झाली की काठावरून काठापर्यंत दोन दोऱ्या एकमेकींना काटकोनात ताणून बांधा. दोन्ही दोऱ्या मध्यभागी एकमेकींना अलगद टेकल्या पाहिजेत. फट राहिली तर डिश पिळली गेली आहे. त्या दोऱ्यांपासूनच मध्यावरची खोली मोजून घ्या, कारण एलएनबी (डिशने गोळा केलेला सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारी, डिशच्या समोर बसणारी डबी) कुठे बसवायची ते त्या मापावरून काढता येतं: व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट. २४० सेंटिमीटरची डिश ४० सेंटिमीटर खोल असेल तर उत्तर ९० सेंटिमीटर येतं. एलएनबीचं तोंड एवढ्या अंतरावर आणि बरोबर मध्यावर हवं. ती फार लांब गेली तर तिला काठापलीकडची जमीन दिसायला लागते. ऊबदार जमीन स्वतःच रेडिओ गोंगाट करत असते आणि एलएनबीला तर थंड आकाशातली कुजबुज ऐकायची आहे. आणि हो, डिश रंगवायची असेल तर चकचकीत रंग लावू नका. ती सूर्यप्रकाशही तितक्याच इमानाने गोळा करते आणि एलएनबीची प्लास्टिकची टोपी वितळते. रंग मॅटच हवा.

आता नेम धरण्याचं काम. सगळ्या उद्योगात मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच. आधी रिसीव्हरमध्ये, म्हणजे टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्समध्ये, हव्या त्या उपग्रहाच्या एखाद्या चालू ट्रान्सपॉन्डरची फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट (डिजिटल सिग्नलचा वेग) आणि पोलरायझेशन (लहर उभी की आडवी) भरून ठेवा. एलएनबीचा प्रकारही बरोबर निवडा, सी बँडला तिथे ५१५० मेगाहर्ट्झ हा आकडा भरायचा. हे चुकलं तर डिश अगदी बरोबर रोखलेली असूनही पडदा मुका राहील. रिसीव्हरवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे बघूच नका. केबल जोडली की ती पट्टी वर जाते, तिला उपग्रहाशी देणंघेणं नाही. क्वालिटी शून्यावर असते ती शून्यावरच राहते आणि मग एका जागी एकदम उडी मारते. ती उडी निसटते कारण आपण डिश भराभर फिरवतो. रिसीव्हरला सिग्नल ओळखायला क्षणभर लागतो. थोडं सरकवा, थांबा, पुन्हा थोडं सरकवा.

क्वालिटी आली की तिथेच बोल्ट आवळून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. दोन बोटांनी डिशचा वरचा काठ अगदी हलकासा मागे दाबा आणि आकडा बघा. मग खालचा, मग डावा, उजवा. एखाद्या बाजूला दाबल्यावर आकडा वाढला तर डिश अजून त्या बाजूला सरकायला हवी. चारही बाजूंनी दाबल्यावर आकडा सारखाच उतरायला लागला म्हणजे तुम्ही शिखरावर आहात. मग एलएनबी तिच्या जागीच किंचित गोल फिरवून पोलरायझेशन जुळवा, त्यानेही आकडा चढतो. शेवटी बोल्ट आवळताना नजर आकड्यावरच ठेवा. एका बाजूचा बोल्ट आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे.

केबल चांगल्या तांब्याची, आरजी-६ जातीची (डिशला वापरतात ती जाड गोल केबल) घ्या. घरात शिरण्याआधी तिला खाली झुकता वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. बाहेरच्या कनेक्टरवर चिकट रबरी टेप गुंडाळा. महिन्या-दोन महिन्यांनी सिग्नल हळूहळू खचत असेल तर डिश हलवण्याआधी तो कनेक्टर उघडून बघा, आतल्या तारेवर हिरवट थर दिसेल. खांबाला अर्थिंग द्याच, यात चालढकल नको.

आणि एक नवी अडचण. सी बँडचा खालचा भाग बऱ्याच देशांत आता ५जी मोबाइलला दिलेला आहे. जवळच्या टॉवरचा दणदणीत सिग्नल एलएनबीचे कान बधिर करतो. सगळं बरोबर असूनही क्वालिटी नाचत असेल तर एलएनबीच्या तोंडाशी बसणारा बँडपास फिल्टर, म्हणजे हव्या त्याच लहरी आत सोडणारी गाळणी, लावून बघा.

हे घरी जमतं का, असंही विचारतात. जमतं. १९७६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी घरी डिश उभारून उपग्रहावरचा टीव्ही पकडला, तेव्हा दुकानात तयार काही मिळतच नव्हतं. आज सगळं मिळतं. फक्त डिश उचलून खांबावर ठेवताना दोन-तीन माणसं हवीत आणि वारा पडलेला दिवस हवा.

सगळ्यांनी मोठी डिश बसवावी असं मात्र मी म्हणणार नाही. नेहमीचे चॅनेल बघायचे असतील तर छोटी डिश उत्तम आहे. ज्याला दूरच्या भाषांच्या बातम्या, कुठल्या तरी परक्या देशाचं सकाळचं प्रक्षेपण, कुणी विकत नसलेले, कुलूप न लावलेले उघडे चॅनेल थेट आकाशातून उतरवून घ्यायचे आहेत, त्याने मोठी घ्यावी. आणि घ्यायचं ठरलं असेल तर डिशची चौकशी नंतर करा. आधी गच्चीवर जाऊन खांब कुठे उभा राहील ते बघून या, मग मला फोन करा.