ठराव मंजूर झाला, पैसे मात्र पाचव्या सहीपाशी अडकले

डाओमध्ये (सभासदांच्या मतांवर ब्लॉकचेनवरून चालणाऱ्या संस्थेत) खर्चाचा ठराव मंजूर करून घेणं फारसं अवघड नाही. चर्चा, मतदान, गणपूर्ती हे सगळं माझ्या वेळी वेळेत पार पडलं. घोंगडं भिजत पडलं ते त्यानंतर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

स्नॅपशॉट या मतदानाच्या साइटवरचं मत म्हणजे फक्त डिजिटल सही केलेला संदेश. त्याला गॅस फी (ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवण्याचं शुल्क) लागत नाही, पण त्याने ट्रेझरीतला, म्हणजे संस्थेच्या तिजोरीतला, छदामही हलत नाही. पैसे सेफ या सॉफ्टवेअरच्या मल्टिसिगमध्ये, म्हणजे अनेकांच्या सह्यांनीच उघडणाऱ्या खात्यात असतात. आमच्याकडे नऊपैकी पाच सह्यांचा नियम होता. दोन दिवसांत चार सह्या आल्या, आणि तिथेच गाडी अडली.

पाचवी सही आली असती तरी उपयोग नव्हता, हे फार उशिरा कळलं. माझ्या व्यवहाराचा नॉन्स (रांगेतला क्रमांक) होता ४२. रांगेत त्याच्यापुढे ४१ पडून होता, कधीच बारगळलेल्या एका कामाचा, तीन सह्यांवर थांबलेला. सेफमधले व्यवहार नॉन्सच्या क्रमानेच सुटतात. ४१ कोणाचा, तो कोणी काढायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सहीवाल्यांपैकी ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. सहीला मुदतच नसल्यामुळे ‘उशीर झाला’ असं म्हणायलाही आधार नव्हता.

मार्ग दोनच. ४१ नॉन्सवरच शून्य रकमेचा नकार-व्यवहार टाकायचा, तो पार पडला की जुना ४१ बाद. त्याला पाच सह्या, शिवाय ४२ची उरलेली एक. किंवा आपलंच पेमेंट ४१वर नव्याने मांडायचं. त्याला पाचच सह्या, पण सगळ्या नव्या, कारण सही नॉन्ससकट व्यवहारावर होते. आम्ही दुसरा मार्ग धरला. यात एक धोका आहे, तो नीट लक्षात घ्या: जुना ४२ चार सह्यांसह जिवंतच राहतो. कोणी नकळत पाचवी केली की तेच पेमेंट दुसऱ्यांदा जातं. रांगेतून नुसता काढून भागत नाही, दिलेली सही वैधच राहते. ४२वर दुसरा व्यवहार पार पडला की मगच तो मरतो.

म्हणून ठरावाच्या मजकुरातच लिहा: व्यवहार कोण मांडणार, कोण तपासणार, ७२ तासांत सही न करणाऱ्याच्या जागी कोण येणार. मंजुरीनंतर हे मागायला गेलात तर कोणी दाद देत नाही.

मतदानाच्या आधीची एक गोष्ट राहिली. डेलिगेशन (आपलं मत दुसऱ्याच्या हवाली करणं) स्नॅपशॉटचा ब्लॉक, म्हणजे कोणाकडे किती मतं हे टिपण्याचा क्षण, ठरण्यापूर्वी करा. नंतर केलेलं त्या ठरावात मोजलं जात नाही.

‘मग सगळं ऑन-चेनच (मतदानापासून पैसे देण्यापर्यंत ब्लॉकचेनवरच) करा, सह्यांची भानगडच नको’ असं म्हणणारे भेटतील. सप्टेंबर २०२१मध्ये कंपाउंड या क्रिप्टो-कर्ज सेवेच्या ६२व्या ठरावातल्या चुकीमुळे टोकन भलतीकडे वाटली जाऊ लागली, आणि दुरुस्तीलाही ठराव, मतदान, टाइमलॉक (अंमलबजावणीआधी सक्तीने थांबण्याचा काळ) असं आठवडाभराचं चक्र पार करावं लागलं. उलट एप्रिल २०२२मध्ये बीनस्टॉक या क्रिप्टो-प्रकल्पावर, मतानंतर थांबाच नसल्याने, फ्लॅश लोनने (एकाच व्यवहारात घेऊन फेडायच्या कर्जाने) बहुमत मिळवून त्याच व्यवहारात तिजोरी रिकामी केली गेली. त्यामुळे टाइमलॉक काढा असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार थांबण्याबद्दल नाही, कोणाच्याही नावावर नसलेल्या थांबण्याबद्दल आहे.

आणि सही करण्याआधी रक्कम व्यवहाराच्या कच्च्या डेटात बघा, तिथे ती दशांश चिन्हाशिवाय लिहिलेली असते. यूएसडीसी या डॉलरशी जोडलेल्या टोकनला सहा दशांश स्थळं असतात, ईथर या क्रिप्टो-नाण्याला अठरा. १०,००० यूएसडीसी म्हणजे एकावर दहा शून्यं.