खाडी उतरायची, सडा चढायचा : रेवस ते रेडी सायकलचं सामान

भाऊच्या धक्क्याच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. भरती-ओहोटीप्रमाणे रेवसची लाँच कधी दोन पायऱ्या खाली लागते, कधी पाच-सहा. सायकल उचलून खालच्या माणसाच्या हातात द्यावी लागते, आणि सामान बरोबर बांधलंय का हे तिथेच कळतं. फ्रेमच्या त्रिकोणात पिशवी असली की सायकल खांद्यावर घेता येत नाही. एक हात हँडलच्या दांड्याला आणि दुसरा सीटखालच्या नळीला, एवढीच पकड उरते. म्हणून घरी सगळं भरून झालं की मी सायकल अशीच दोन हातांनी उचलून जिन्याच्या दहा पायऱ्या उतरतो. जमलं नाही तर सामान कमी करायचं.

रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाच्या रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं तर ५०० किलोमीटरच्या वर अंतर होतं. मी आठ दिवस धरतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी वाटेत लागतात आणि प्रत्येकीनंतर तोच प्रकार : खाडीकाठची चार घरं संपली की रस्ता सरळ सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर, चढतो. चढ लांब नसतात, पण १० टक्क्यांच्या वरचे तुकडे येतात आणि दिवसात असे चार-पाच चढ होतात. पुढे ३० दाते आणि मागे ३४ असा गिअर असेल, तर मिनिटाला ५० वेळा पेडल फिरवून वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास मिळतो. खड्या चढावर एवढाच वेग हवा. पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा मोठी असेल, तर निघण्याआधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून घ्या. हा खर्च महागड्या पिशव्यांच्या आधी करावा.

माझं सामान पाणी सोडून साडेसात किलो भरतं, पिशव्यांसकट. फ्रेमबॅगमध्ये तीन किलो, सीटमागच्या लांब पिशवीत सव्वादोन, हँडलवरच्या वळकटीत दीड, उरलेलं वरच्या नळीवरच्या लहान पिशवीत. प्रत्येक पिशवी भरल्यावर सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला लावून बघतो, कारण हाताचा अंदाज हमखास कमी येतो. जड वस्तू खाली आणि मधोमध : हत्यारं, पॉवर बँक, कुलूप, जास्तीची ट्यूब हे सगळं फ्रेमबॅगच्या तळाशी. उभं राहून पेडल मारताना सायकल डावी-उजवीकडे झुलते, तेव्हा वर ठेवलेला एक किलोसुद्धा जाणवतो.

सीटमागची पिशवी डोलते ही सगळ्यांची तक्रार. त्याची कारणं ठरलेली आहेत. आतली हवा न काढता तोंड गुंडाळलेलं असतं, किंवा जड वस्तू शेपटीकडे गेलेली असते, किंवा सीटच्या दांड्याभोवतीचा पट्टा आधी आवळून मग पिशवी भरलेली असते. उलट करायचं. पिशवी जमिनीवर उभी धरून आधी तळाशी, म्हणजे दांड्याजवळच्या निमुळत्या भागात, घट्ट गुंडाळलेले कपडे गुडघ्याने दाबून बसवायचे. वर टॉवेल आणि पातळ जाकीट. हवा काढून तोंड गुंडाळायचं, मग सीटच्या तारांचे पट्टे, आणि दांड्याचा पट्टा सगळ्यात शेवटी. बांधून झाल्यावर टायर आणि पिशवी यांच्यात चार बोटांची जागा राहायला हवी. लहान मापाच्या फ्रेमवर ती राहत नाही. खड्ड्यात बसली की पिशवी टायरला घासते आणि एका दुपारीत तळ फाटतो. अशा सायकलला मागचं कॅरिअर आणि दोन लहान बाजूच्या पिशव्याच बऱ्या, मात्र पेडल मारताना टाच पिशवीला लागत नाही ना, हे बघून घ्या.

हँडलवरच्या वळकटीत मऊ आणि हलकं तेवढंच : चादर, मच्छरदाणी, रात्रीचे कपडे. वळकटी ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल दाबते, आणि मग गिअर आपोआप सरकतो किंवा हँडल जड लागतं. वळकटी बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं, सगळे गिअर टाकून बघायचे आणि दिवा झाकला जात नाही ना ते पाहायचं. केबल आणि वळकटी यांच्यात फोमचा एक जाड तुकडा घातला की निम्म्या तक्रारी मिटतात.

जांभ्याच्या तांबड्या धुळीबद्दल आधीच सांगतो. ती पट्ट्याखाली शिरते आणि पॉलिश पेपरसारखी काम करते. पट्टा जिथे जिथे फ्रेमला टेकतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. रंगाखालचं लोखंड उघडं पडलं की खारी हवा उरलेलं काम करते.

आता बोल्ट. बाटलीच्या पिंजऱ्याचे, कॅरिअरचे आणि मडगार्डचे बोल्ट बहुतेक पाच मिलिमीटर जाडीचे असतात आणि चारच्या ॲलन कीने फिरतात. निघण्याआधी ते एकेक करून काढायचे, आटे पुसायचे आणि निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारं चिकट द्रव) थेंबभर लावून परत बसवायचे. लाल घेऊ नका, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. असे चार बोल्ट जास्तीचे, फिल्मच्या जुन्या डबीत. अलिबागच्या पुढे रेवदंड्यापर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे. तिथे थांबून सगळे बोल्ट एकदा चाचपावेत, कारण भार पडल्यावर पहिल्या ३०-४० किलोमीटरमध्येच सैल व्हायचं ते सैल होतं.

चेनची झीज मोजायची पट्टी स्वस्त मिळते. ११-१२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के आणि त्याहून कमी गिअरच्या चेनला ०.७५ टक्के झीज दिसली की चेन बदलायची. मात्र नवी चेन निघायच्या आदल्या दिवशी घालू नका. जुन्या कॅसेटवर ती दाब पडताच सुटू शकते, आणि ते नेमकं वेशवीच्या पुढच्या चढावर कळावं अशी इच्छा कोणाचीच नसते. आठवडाभर आधी बदला आणि सामान बांधून ४०-५० किलोमीटरची चक्कर मारा, त्यात एक तरी खडा चढ हवा.

सोबत चेनच्या मापाच्या दोन जोडकड्या, चेन तोडायचं अवजार, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या मापाचे दोन-दोन स्पोक (दोन्ही बाजूंची लांबी बहुधा वेगळी असते), एक गिअर केबल, एक ब्रेक पॅडची जोडी आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा लहान तुकडा. ट्यूब, चेन, केबल रत्नागिरीत मिळतील. हँगर मात्र फ्रेमगणिक वेगळा असतो आणि तुमच्या फ्रेमचा तिथे मिळेल ही आशा धरू नये. फेरीबोटीत दुचाकींच्या गर्दीत सायकल उजव्या अंगावर पडली की सगळ्यात आधी हाच वाकतो. सायकल डाव्या अंगाने कठड्याला टेकवा, चाकातून पट्टा घालून बांधा आणि तिथून हलू नका.

पंक्चरचं सामान म्हणजे दोन ट्यूब, आठ ठिगळं, न फोडलेली सोल्युशनची ट्यूब (एकदा फोडलेली महिन्या-दोन महिन्यांत आत वाळते) आणि फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा दोन इंची तुकडा. टायर चाचपताना बोटांऐवजी कापसाचा बोळा आतून फिरवा. ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसाएवढी तार त्याला अडकते, डोळ्याला दिसत नाही. ती न काढता नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तीही बसते.

आणि सगळ्यात लहान पण सगळ्यात उपयोगी वस्तू : पितळी व्हॉल्व्ह अडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं. तुमच्या चाकाला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर तो हवा भरू शकत नाही. अडॅप्टर मी व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवतो, म्हणजे हरवत नाही. कॉम्प्रेसरने हवा झपाट्याने भरते, म्हणून थोडी थोडी भरायला सांगा आणि बोटाने दाबून बघत राहा. ४० मिलिमीटरच्या टायरला, सायकल-माणूस-सामान मिळून ९०-९५ किलो असेल तर, मी पुढे ३८ आणि मागे ४४ पीएसआय ठेवतो.

स्टोव्ह आणि भांडी नेऊ नका. या किनाऱ्यावर घरगुती जेवण गावोगाव मिळतं, फक्त रात्रीचं जेवण दुपारीच फोन करून सांगून ठेवावं. त्याऐवजी पाणी न्या, तीन लिटर. सड्यावर सावली नाही आणि दुकानही नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं तर ते जास्त खारट होतं आणि तहान वाढवतं. चॉकलेट वितळतं. खजूर, चिक्की आणि मिठाची पुडी उत्तम.

कपडे सायकलचे दोन जोड. रात्री धुतलेले दमट हवेत सकाळपर्यंत वाळत नाहीत, तेव्हा चार सेफ्टी पिना ठेवा आणि ओला जोड मागच्या पिशवीवर टोचून निघा. दहापर्यंत वाळतो. पॉवर बँक २०,००० एमएएचची असली तरी ५,००० एमएएचचा फोन त्यावर अडीच वेळाच भरतो, बाकी रूपांतरात जातं. नकाशे आधीच उतरवून घ्या.

गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीकडे जाताना उतार समुद्राकडे सुटतात आणि वळणं आंधळी आहेत. ब्रेक पॅडचं अस्तर एक मिलिमीटरवर आलं असेल तर आदल्या मुक्कामीच बदला. आणि आंजर्ले असो की गुहागर, ओल्या वाळूवरून सायकल चालवायचा मोह टाळा. चालवलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या दोन बादल्या अलगद ओता, जोराची पिचकारी बेअरिंगवर मारू नका. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. वर राहिलेलं तेल धूळ धरतं.

परतीला सावंतवाडी किंवा कुडाळहून रेल्वे. पार्सलच्या डब्यासाठी पेडल काढा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. चाक काढलं तर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सारा, नाहीतर ब्रेकची मूठ दाबली गेली की पॅड एकमेकांना चिकटतात. घरी पोहोचल्यावर सीटचा दांडा उपसून काढा आणि सायकल उलटी टांगा. खाडीचं पाणी नळीत उतरलेलं असतं. रात्रभर निथळू द्या, आणि दांडा परत घालताना त्याला ग्रीस लावा.