गावठी बी, परदेशी बी आणि आमचा काजू कारखाना

गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या आमच्या कारखान्यात बाबांच्या काळी फक्त गावठी काजूबी फोडली जात असे. हंगाम मे अखेरीस आटोपतो आणि तेवढ्या बियांवर कामगारांना वर्षभर काम देता येत नाही, म्हणून कारभार माझ्याकडे आल्यावर आफ्रिकेतून मंगळूर बंदरात उतरणारी बीही आम्ही व्यापाऱ्यांकडून घेऊ लागलो. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बियांवरील सीमाशुल्क ५ वरून २.५ टक्क्यांवर आले आणि पुढच्याच वर्षी आयात गरावरील शुल्क ४५ वरून ७० टक्के झाले, तेव्हा आमच्यासारख्या लहान कारखानदारांना मोठा आधार मिळाला.

वाहतुकीचा प्रश्न मात्र बराच काळ राहिला. गोव्यातील झुआरी नदीवरच्या जुन्या पुलावर अवजड वाहनांना बंदी असल्याने मंगळूरहून येणारे ट्रक बोरी-फोंड्यामार्गे वळसा घेत. डिसेंबर २०२३ मध्ये नवा पूल पूर्ण खुला झाला आणि प्रत्येक खेपेमागे डिझेल वाचू लागले.

त्यानंतर एप्रिल २०२४ पासून बेनिन या पश्चिम आफ्रिकेतील देशाने कच्च्या बियांची निर्यात बंद केली. बी आपल्याच देशात फोडली जावी हा त्यांचा हेतू मला रास्त वाटतो, कारण गोव्यातही आम्ही तेच मागत आलो आहोत; पण परक्या बियांवर चालणारा कारखाना दुसऱ्या देशाच्या एका आदेशाने अडू शकतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

इंधनाची सोय आम्ही घरच्या घरीच केली आहे. शंभर किलो बियांतून साधारण पंचवीस किलो गर निघतो आणि उरते ते मुख्यतः टरफल. ते तसेच जाळले, तर त्यातील तेलाच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि शेजारच्या वाड्यालाही त्रास होतो. म्हणून आधी घाण्यात तेल काढून घेतो, जे रंग आणि ब्रेक-लायनिंग बनवणाऱ्यांना लागते, आणि उरलेला चोथा बॉयलरला घालतो. त्याच वाफेवर बी उकडली जाते.

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गावठी गराची विचारणा वाढली आहे, परंतु जुन्या झाडांचा उतार घटत चालला आहे. त्यामुळे वेंगुर्ला-७ सारख्या सुधारित जातींची कलमे लावणाऱ्या बागायतदारांची बी, नीट वाळवलेली असल्यास, बाजारभावापेक्षा थोडा अधिक दर देऊन घेण्याचे आम्ही त्यांना लावणीआधीच लेखी देतो.