एका भुलेत दोन ऑपरेशनं

करवीर तालुक्यातले गुऱ्हाळवाले, साठी ओलांडलेले. छातीत दुखतं म्हणून आले आणि अँजिओग्राफीत लेफ्ट मेन, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी डावी मुख्य धमनी, ९० टक्के बंद. बायपास ठरला. भूलतज्ज्ञ म्हणून आदल्या दिवशी तपासून मी उठतच होते, तर काकू म्हणाल्या, "ह्यांच्या डाव्या डोळ्यापुढं काळा पडदा आल्ता की गेल्या महिन्यात. धा मिनटांत ग्येला." तेव्हा कुणीतरी डोळ्यांत घालायला थेंब दिले होते! असा पडदा म्हणजे डोळ्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटल्याची, लकव्याआधीची खूण असू शकते. मानेचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, केला. डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली धमनी, ८० टक्के बंद.

नुसतं मानेचं ऑपरेशन केलं तर हार्ट अटॅकची भीती, नुसता बायपास केला तर लकव्याची. दोन्ही एकत्र करण्याचे अनुभव १९७२ मध्येच छापून आले, वाद अजून चालू आहे. विम्यावाल्याचा प्रश्न मात्र एकच: एका भुलेत दोन बिलं कशी?

मान आधी घेतली. कॅरोटिडला रक्त थांबवणारा क्लॅम्प लागला की मेंदूला प्रेशर चढं हवं. लेफ्ट मेनच्या हृदयाला ते झेपत नाही, आणि ठोके वाढलेले तर मुळीच नाहीत. सिस्टोलिक १५०, ठोके ७० च्या आत, औषधांच्या दोन्ही पंपांवर माझी बोटं. मेंदूतला ऑक्सिजन दाखवणाऱ्या, कपाळावरच्या सेन्सरचा डावा आकडा ६४ वरून ४८ वर आला. "शंट घाला." सर्जन म्हणाले, थांबू जरा. शंट म्हणजे क्लॅम्प असताना मेंदूकडे रक्त नेणारी तात्पुरती नळी, तिने त्यांची जागा अडते ना! दुसऱ्यांदा मी आवाज चढवूनच सांगितलं. शंट गेला, आकडा ५९. मग धमनीच्या आत साचलेला थर बाभळीच्या सालीसारखा अख्खा सुटून आला.

धमनीच्या चिरेवर पॅच शिवला, पण मान उघडीच ठेवली, गॉज भरून. पुढे हृदयासाठी रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा मोठा डोस असतो. टाके घातलेल्या मानेत रक्त साठत राहिलं तर कळत नाही. बायपास झाला, हेपॅरिन उतरवणारं प्रोटामिन दिलं, मगच मान बंद.

रात्री शुद्धीवर आले. उजव्या हाताची पकड घट्ट, जीभ सरळ; मेंदूही शाबूत, मानेतली नसही.

डोक्यात राहिलंय ते वेगळंच. तो पडदा आला नसता तर याच ८० टक्क्यांना आम्ही बहुतेक हातही लावला नसता. बायपासनंतरचे लकव्याचे बरेच झटके महाधमनीतल्या थराचे कण सुटून येतात, म्हणून लक्षणं नसलेली एका बाजूची कॅरोटिड सहसा सोडून देतात. म्हणजे सगळा निर्णय काकूंच्या एका वाक्यावर उभा. आमच्या छापील फॉर्मात 'पूर्वी लकवा: हो/नाही' एवढाच रकाना, आणि 'नाही'वर टिक झालेली.

डिस्चार्जला त्यांना हे सगळं समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोळ्याचं काय न्हाई वो मॅडम. चुलवाणापुढं हुभारलं की उष्णता हुतीच."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.