तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं ‘विच’ की ‘इन विच’?

एमएसच्या अर्जांचे दिवस आले की हा प्रश्न मला हमखास येतो, मॅडम, इथे नुसतं विच लिहू की इन विच, आणि ते इन आधी टाकू की शेवटी? तर जरा नीट सांगते, कारण एवढं जमलं तरी लिहिलेलं इंग्लिश खरंच सुधारतं.

परवा एक मुलगी एसओपी, म्हणजे अर्जासोबत द्यायचा स्वतःबद्दलचा निबंध, घेऊन आली, त्यात होतं ‘द लॅब विच आय वर्क्ड’. म्हटलं हेच मराठीत बोल. ती पटकन म्हणाली, ज्या लॅबमध्ये मी काम केलं. अगं मग ‘मध्ये’ कुठे गेलं? ती कागदाकडे बघत बसली आणि मग विचच्या आधी बारीक अक्षरात ‘इन’ लिहिलं.

म्हणजे बघा, ज्याच्याशी, ज्यावर, जिच्याकडे असं बोलताना आपण प्रत्यय कधी गाळत नाही, आणि फॉर्मल इंग्लिशला नेमकं तेच हवंय, फक्त आपल्याकडे जे मागे लागतं ते तिकडे पुढे येतं. इन विच, टू हूम. माणूस असेल तर हूमच, हू नाही. आणि ‘द लॅब इन दॅट आय वर्क्ड’ कधीच नाही, दॅट घेतलंत तर इन शेवटी जाणार.

पण मराठी प्रत्यय जसाच्या तसा उचलू नका, खरी गडबड इथेच होते. ‘ज्याच्याशी तिचं लग्न झालं’ मधला ‘शी’ बघून मुलं विथ हूम लिहितात. वाक्य तोडून बघा, शी इज मॅरीड टू हिम, म्हणजे टू हूम. ‘ज्याची मी वाट बघत होते’ मध्ये तर नुसतं ‘ची’ आहे, तिकडे वेट फॉर, म्हणून फॉर हूम. आणि एकदा पुढे घेतलं की शेवटी परत नको, ‘द सिटी इन विच आय लिव्ह इन’ मी दर वर्षी खोडते.

शेवटी प्रीपोझिशन आलं म्हणजे चूकच, असं मात्र नाही. 1672 मध्ये ड्रायडन या इंग्लिश कवीने नाटककार बेन जॉन्सनच्या ओळीत हा दोष काढला आणि पुढे त्याचा नियमच होऊन बसला, पण बोलताना इंग्रज सहसा शेवटीच ठेवतात. अर्जात, रिपोर्टमध्ये पुढे घ्या. फक्त लुक आफ्टरसारखी जोडी फोडू नका, ‘द चाइल्ड आफ्टर हूम शी लुक्ड’ कानालाच खटकतं, तिथे आफ्टर लुकपाशीच राहू दे.