फाट्यापर्यंतचे अडीच किलोमीटर

आमचं गाव दारव्हा-यवतमाळ रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत आहे. एसटी फाट्यावरून जाते, पण फाटा गाठायला काही साधन नाही. एवढ्यासाठी मी सात वर्षं यवतमाळला मोटरसायकलनं कामाला जात होतो. जाऊन-येऊन 49 किलोमीटर, रोजचं जवळपास लिटरभर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुलीसोबत बसून महिन्याचा हिशेब केला, तर तो 55 किलोच्या वर गेला. युरियाचं पोतं 45 किलोचं असतं. त्याहून जास्त धूर मी एकटा दर महिन्याला सोडतो, हे मनाला फार लागलं.

गोठ्यात वडिलांची सायकल उभी होती. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर नवे टाकले, चेनला तेल दिलं. पहिल्या दिवशी पारावरून हाक आलीच, "काहून गा भाऊ, गाडी इकली काय?" इकली नाही. रातबेरात कोणाला दवाखान्यात न्यायचं तर ती लागतेच.

एसटीचा मासिक पास काढला. वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस फिरायचं. 40 रुपयांच्या तिकिटानं 1,600 झाले; पेट्रोलला अडीच हजार जात होते. घरची तर 17 मार्च 2023 ला बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून बाजाराला एसटीनंच जाते. सवय मलाच मोडायची होती.

खरी परीक्षा त्या अडीच किलोमीटरची. उन्हाळ्यात बाभळीच्या काट्यांनी आठवड्यात दोनदा पंक्चर केली. एकदा तर डोळ्यांदेखत एसटी निघून गेली आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. तेव्हापासून पिशवीत हवेचा छोटा पंप आणि पंक्चरचं सामान असतं.

पावसाळा त्याहून कठीण. आमची माती काळी, चिकट. मडगार्ड आणि टायरच्या मधात ती अशी घट्ट बसते की चाक फिरतच नाही. बांधावरून पऱ्हाटीची काडी मोडायची, खाली वाकून चिखल कोरून काढायचा, पन्नास पावलं जायचं, पुन्हा वाकायचं. शेवटी पुढचं मडगार्डच काढून टाकलं. झडीच्या दिवसांत सायकल घरी ठेवतो आणि शेजाऱ्याच्या गाडीवर मागं बसून फाट्यावर जातो. त्याला शेताकडे तिकडूनच जावं लागते.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली की डोळे मिटता येतात. ट्रकच्या मागं धूळ खात गाडी चालवताना ते सुख कुठलं?

सायकल फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागं ठेवतो. आधी माझी एकटीच असायची, आता चार असतात. त्यातल्या दोन अकरावीतल्या पोरींच्या. टपरीवाल्या काकांनी जागा दिली खरी, पण सीट पावसात भिजते. येत्या ग्रामसभेत फाट्यावर टिनाच्या शेडसाठी अर्ज देतो आहे. त्यावर आम्हा चौघांच्या सह्या झाल्या आहेत.