या महिन्याची पाळी कोणाची?

आमच्या शाळेतल्या स्टाफच्या वाचनगटात कोणती पुस्तकं घेतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही. काढला की समोरचा वही उघडतो. "तुमच्या शाळेत स्टाफचा वाचनगट चालतो ना? दर महिन्याला कोणकोणती पुस्तकं घेता? यादी पाठवा की." प्रशिक्षणाच्या मधल्या सुटीत, बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्यांच्या फोनवर, एकदा तर पेपर तपासणीच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावरून हा प्रश्न आलाय. यादी मी एकदा पाठवलीही होती. तिथे पुस्तकं तीच घेतली, क्रमही तोच ठेवला. तिसऱ्या महिन्यात तो गट बंद पडला.

मला नवल वाटलं नाही. आमचाही पहिला गट असाच गेला होता, आणि पुस्तकं वाईट होती म्हणून नव्हे.

सुरुवातीला पुस्तक मुख्याध्यापकबाई सुचवायच्या. त्यांचं वाचन दांडगं, निवडही चोख. पण स्टाफरूममध्ये वरून आलेल्या पुस्तकाचं परिपत्रक होतं. लोकांनी ते 'वाचले, नोंद घेतली' अशा थाटात वाचलं. चर्चेला झाडून सगळे हजर आणि झाडून सगळ्यांना पुस्तक फार आवडलेलं. दोघांनी प्रस्तावनेतलं एकच वाक्य आपापलं मत म्हणून सांगितलं, तेव्हा बाईंच्याही लक्षात आलं. मग मतदान घेऊन पाहिलं. मतदानातून येणारं पुस्तक कुणाला नको नसतं आणि कुणाला हवंही नसतं. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मग मी पुढे झालो. भाषेचा शिक्षक, त्यामुळे हा हक्क आपलाच असं धरून चाललो होतो. निवडलं काय, तर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाऊलो फ्रेइरी यांचं 'पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड'. ब्राझील सोडावं लागल्यावर चिलीत राहत असताना त्यांनी ते लिहिलं, १९७० मध्ये ते इंग्रजीत आलं, आणि तेव्हापासून शिक्षणावर बोलणारे पुष्कळजण ते वाचल्यासारखं बोलतात. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात 'बँकिंग' शिक्षणाची ती प्रसिद्ध मांडणी आहे: विद्यार्थी म्हणजे रिकामी खाती, शिक्षक त्यांत ठेवी भरत राहतो आणि मुलांनी त्या नुसत्या सांभाळायच्या. गटातलं कुणीच दुसऱ्या प्रकरणापर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून मीच ते समजावून सांगायला घेतलं. फळ्यावर आकृती काढली. चाळीस मिनिटं मी एकटा बोलत होतो आणि बाकीचे वहीत उतरवून घेत होते. शेवटी गणिताच्या बाई म्हणाल्या, "सर, रक्कम जमा झाली. आता पासबुक भरून द्या."

सगळे हसले. मला जरा वेळाने हसू आलं.

त्यानंतर जे ठरलं ते आजतागायत चालू आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर तेवढंच आहे. एका डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल, त्या महिन्याचं पुस्तक त्याचं. अट एकच: ते त्याने स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. 'चांगलं आहे म्हणतात' चालत नाही. नाही म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, मुख्याध्यापकबाईंनाही नाही. त्यांची चिठ्ठी इतरांसारखीच डब्यात. आणि स्टाफ म्हणजे फक्त शिक्षक नव्हेत. ऑफिसातले क्लार्क, ग्रंथपालबाई, शिपाई मामा, ज्यांना यायचंय ते सगळे. (यावर थोडी कुरबुर झाली होती. कोणाची ते सांगत नाही.)

पहिली चिठ्ठी क्रीडाशिक्षकांची निघाली. त्यांनी कबूलच केलं, की नोकरीला लागल्यापासून एकच पुस्तक पूर्ण वाचलंय, तेही पातळ होतं म्हणून: गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. त्यातलं पहिल्या दिवसाचं प्रकरण सरांनी उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. नवा शिक्षक मोठ्या उमेदीने चौथीच्या वर्गावर जातो, शांततेचा खेळ घ्यायला बघतो, आणि पोरं त्या शांततेचा पार बोजवारा उडवतात. वाचता वाचता सर थांबले. म्हणाले, "माझी पहिल्या तासाला शिट्टीच हरवली होती." त्यानंतर तासभर पुस्तकाकडे कुणी पाहिलं नाही. ज्याने त्याने आपली पहिल्या दिवसाची फजिती सांगितली, वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्यांनी एकमेकांना पहिल्यांदाच. मतदानात हे पुस्तक कधीच निवडून आलं नसतं. "ते काय, सगळ्यांनीच वाचलंय," म्हणून मीच हाणून पाडलं असतं.

प्रत बहुतेक वेळा एकच असते. नऊ माणसं, माणशी तीन दिवस, उरलेले तीन उशीर करणाऱ्यांसाठी, महिना संपला. आत नावांचा एक कागद असतो. वाचून झालं की आपल्या नावावर काट मारायची आणि पुस्तक पुढच्याच्या खणात ठेवायचं. प्रती जास्त हव्यात म्हणून आम्ही आधी कुरकुरायचो. पण एकाच प्रतीवरून नऊ पेन्सिली फिरल्या की गंमत होते. समासात एकाचं प्रश्नचिन्ह, त्याखाली दुसऱ्याचं 'का बरं?', तिसऱ्याची नुसतीच जाड रेघ. समोरासमोर जे बोलायला लोक कचरतात ते तिथे येऊन बसतं. ग्रंथपालबाईंचा जीव खालीवर होतो, पण समासात त्यांचंही अक्षर मी ओळखलंय.

क्लार्कसरांनी 'तोत्तोचान' निवडलं तेव्हा आम्हा शिक्षकांना वाटलं, हे तर आपलं पुस्तक. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणच्या आठवणींतली ती शाळा, रेल्वेच्या डब्यांत भरणारे वर्ग, यावर आम्ही भरभरून बोललो. मग आपल्याकडे हे का जमत नाही, अभ्यासक्रम केवढा, एका वर्गात मुलं किती, हे नेहमीचं दळण. सर सगळ्यांत शेवटी बोलले. प्रवेशासाठी आलेल्या त्या चिमुरडीची बडबड मुख्याध्यापक कोबायाशी चार तास ऐकत बसतात, ते पान त्यांनी काढलं. "प्रवेशाचे फॉर्म मी घेतो," ते म्हणाले. "जन्मतारीख विचारतो, तीही आईला. मुलाकडे बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." ते पुस्तक मी किती वेळा वाचलं असेन. ऑफिसची खिडकी मला त्यात कधी दिसली नव्हती.

गणिताच्या बाईंनी जॉन होल्ट यांचं 'हाऊ चिल्ड्रन फेल' आणलं. १९६४ मध्ये आलेलं, वर्गात बसून केलेल्या टिपणांचं पुस्तक. मुलं उत्तर गणितात शोधत नाहीत, शिक्षकाच्या चेहऱ्यावर शोधतात, हे त्यात फिरून फिरून येतं. बाईंच्या वर्गात फळ्यावर वजाबाकी सोडवणारा एक मुलगा दर आकड्याला खडू टेकवण्याआधी मागे वळून बघायचा. बाईंनी तोंड वहीआड लपवून पाहिलं. पोरगं खडू धरून तसंच उभं राहिलं.

सगळेच महिने असे जात नाहीत. एकदा पहाटे उठून यशस्वी कसं व्हावं याचं पुस्तक आलं, एकदा चारशे पानांची भूतकथा. पहिल्यावर मी धुसफुसलो, दुसरीचा शेवट मात्र कुणाला फोडू दिला नाही. परीक्षेच्या महिन्यात पुस्तक नाहीच. एखादी कथा किंवा दोन कविता, झेरॉक्स काढून. गठ्ठे तपासून डोळे शिणलेल्या माणसाच्या हातात कादंबरी देणं हा छळ आहे.

वाचून न झालेल्यांनीही यायचं, हे आम्ही डॅनिएल पेनाक या फ्रेंच कादंबरीकाराकडून उचललं. ते स्वतः शिक्षकही होते. १९९२ च्या एका पुस्तकात त्यांनी वाचकाचे दहा हक्क सांगितलेत. पहिलाच न वाचण्याचा, पुढे पुस्तक अर्धवट सोडण्याचा, आणि दहावा गप्प बसण्याचा. आमच्यासारख्यांच्या गटात या दहाव्याचं मोल फार. गप्प बसलेलं माणूस दिसलं की त्याला उभं करून प्रश्न विचारायची आमची खोड.

हा दहावा हक्क जवळजवळ सगळ्या गटाने एकदाच वापरला. पुस्तक होतं बार्बियाना शाळेतल्या मुलांचं, मराठीत 'प्रिय बाई' नावाने आलेलं. इटलीतल्या डोंगराळ भागात लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंनी चालवलेल्या शाळेतल्या आठ मुलांनी मिळून ते लिहिलं, १९६७ मध्ये. नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेलं हे पत्र. सुरुवातच अशी, की बाई, मी तुम्हाला आठवणारही नाही, इतक्या जणांना तुम्ही नापास केलंत. निवड आमच्यातल्या सगळ्यांत तरुण बाईंची; नोकरीचं दुसरंच वर्ष. आमच्यात निम्म्याहून जास्त जणी 'बाई', तेव्हा पत्र कोणाच्या नावाने आलंय हे विचारायची गरजच नव्हती. सगळ्यांत ज्येष्ठ बाई उसळल्या. "घरी कुणी पाटी बघत नाही, त्याचं खापर आमच्या डोक्यावर?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्यांच्या घरी पाटी बघायला कुणी नाही त्यांच्यासाठीच तर शाळा हवी, हेच ती मुलं पानोपानी सांगत होती, म्हणून ते जास्त झोंबलं. बाकी कुणी चकार शब्द काढला नाही. वीस मिनिटांत सगळे उठले. मी मनात म्हटलं, मिटला आपला गट.

प्रत कपाटात जाण्याआधी माझ्या हातात आली. पहिल्याच पानावर, त्या पहिल्या ओळींशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'रोल नं. २७'. वर्ष नाही, तुकडी नाही. अक्षर मी ओळखलं. ते तरुण बाईंचं नव्हतं. ग्रंथपालबाईंनी पुस्तक जमा करून घेताना सवयीने खोडरबर बाहेर काढला, ते पान पाहिलं आणि खोडरबर परत ड्रॉवरमध्ये टाकला. पुढच्या महिन्याच्या बैठकीला नऊच्या नऊ जण आले. ज्येष्ठ बाई पाच मिनिटं आधी.

तर यादी ही अशी. घेऊन जा हवी तर, पण त्याआधी तुमच्या ऑफिसात जाऊन विचारा, त्यांनी शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कोणतं. आमच्याकडे या महिन्यात चिठ्ठी मामांची निघालीय. त्यांनी आधीच बजावून ठेवलंय, "पुस्तक माझ्या घरचं आहे, कपाटात शोधू नका. वरची पानं गेलीत, त्यामुळे नावही विचारू नका."